पाणी साडेतीन फुटांवर थांबलं, स्लॅब दहा फुटांवर होता : किरायाच्या एका घराचं प्रकरण

घरात महालक्ष्म्या बसलेल्या होत्या. शुक्रवारी सोळा भाज्या आणि पुरणाचा नैवेद्य होऊन तीस-पस्तीस पानं उठली होती. मखरावर फुलोरा अजून लटकत होता आणि शनिवारी निरोप द्यायचा होता. पहाटे चारच्या सुमारास सासूबाई पाणी प्यायला उठल्या. पलंगावरून पाय खाली टाकला तो थेट पोटरीभर पाण्यात गेला.

तारीख २३ सप्टेंबर २०२३. त्या रात्री नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने काठ सोडला. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीचा काही भाग, मोरभवनचं बसस्थानक, सगळीकडे पाणी शिरलं. कामठीहून लष्कराच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. पुराची ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पूर ओसरल्यावर किरायाच्या घरांमध्ये काय काय झालं, ते मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. त्या दिवाळीपर्यंत माझ्याकडे अशी बरीच माणसं येऊन गेली. त्यातलं हे एक प्रकरण त्या कुटुंबाच्या संमतीने, नावं न देता, सविस्तर मांडते आहे.

कुटुंब चौघांचं : शाळेत शिकवणाऱ्या बाई, मिहानमध्ये नोकरी करणारे त्यांचे मिस्टर, चौथीतली मुलगी आणि दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई. मूळ गाव आर्वी. नाग नदीपासून हाकेच्या अंतरावर, पस्तीसेक वर्षं जुन्या तीनमजली इमारतीत तळमजल्यावरचा दोन खोल्या-किचनचा फ्लॅट. किराया महिना १४ हजार, डिपॉझिट ६० हजार. करार १ जून २०२३पासून अकरा महिन्यांचा, त्यात पहिल्या सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे त्याआधी घर सोडलं तरी तेवढ्या महिन्यांचा किराया द्यायचा. घरमालक पुण्यात राहतात, नागपुरात त्यांचे धाकटे भाऊ व्यवहार बघतात.

एक गोष्ट या कुटुंबाने सुरुवातीलाच नीट केली होती. करार ऑनलाइन नोंदवलेला होता, दोघांचे अंगठे लागलेले होते, पोलीस पडताळणीही झालेली होती. १४ हजारांच्या किरायावर आणि ६० हजारांच्या डिपॉझिटवर अकरा महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क चारशे रुपयांच्या आसपास येतं आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. एवढे पैसे वाचवायला म्हणून नागपुरात अजूनही हजारो लोक नोटरीच्या कागदावर राहतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम ५५ने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल किरायेदाराचं म्हणणं ग्राह्य धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणी नसली की किरायेदार अगदीच उघड्यावर पडतो असं नाही. पण पूर उतरल्यावर पंचनाम्याचं पथक दारात उभं राहतं, तेव्हा कलम ५५ कुणी वाचत नाही, हातातला कागद बघतात. घरटॅक्स मालकाच्या नावावर, बाईंच्या आधारवर आर्वीचा पत्ता. पथकाने विचारलं, "तुम्ही इथं राहता याला पुरावा काय?" बाईंनी मोबाइलवरून कराराची प्रत दाखवली. सरकारने घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना १० हजारांची तातडीची मदत जाहीर केली होती. ती पुढे बाईंच्या खात्यात आली. मालकाच्या भावाने "घर आमचं, मदत आमची" असं म्हणून पाहिलं. कपडे, भांडी, धान्य वाहून गेलं त्याची मदत तिथे राहणाऱ्याची असते. भिंत-छत पडलं त्याची मालकाची.

पहिले दहा दिवस

शनिवारी दुपारी पाणी उतरलं. भिंतीवर गाळाची रेघ राहिली, फरशीपासून साडेतीन फुटांवर. फ्रिज आडवा झालेला, वॉशिंग मशीन गेलं, गाद्या पाणी पिऊन दगड झालेल्या. चौघेही मानेवाड्याला बाईंच्या बहिणीकडे गेले.

मालकाचा पुण्याहून फोन आला. बोलणं आपुलकीचं होतं. "अजी, साऱ्या नागपुरातच पाणी शिरलं, तुमच्या एकट्याकडे थोडंच! साफसफाई करून घ्या, दोन-चार दिवसांत वाळून जाईल." या माणसाच्या मनात त्या वेळी काही काळंबेरं होतं असं मला वाटत नाही. पुण्यात बसून त्यांना तो वास येत नव्हता, एवढंच.

१ ऑक्टोबरच्या रविवारी कुटुंब परत आलं. गाळ काढला, ब्लीचिंग पावडर टाकली, दोन रात्री तिथे झोपलेही. या दोन रात्रींत तीन गोष्टी झाल्या. किचनच्या भिंतीतल्या बोर्डाजवळ हात गेला की झिणझिण्या येत होत्या. जमिनीखालच्या टाकीतल्या पाण्याला चेंबरचा वास होता. आणि सासूबाईंना रात्री बसूनच काढाव्या लागल्या, कारण आडवं झालं की श्वास कोंडत होता. पलंगामागच्या भिंतीवर तोवर काळी बुरशी धरली होती.

मंगळवारी, ३ तारखेला, ते परत मानेवाड्याला गेले. त्याच रात्री किचनच्या छताचा पोपडा सुटून खाली आला. पोपडा म्हणते, पण तो परातीएवढा, दोन इंच जाडीचा तुकडा होता. गॅसची शेगडी आणि मिक्सर त्याखाली चेपले. मुलगी रोज संध्याकाळी ज्या स्टुलावर बसून अभ्यास करायची, ते स्टूल त्याच्याच खाली सापडलं. हे सांगताना बाई माझ्यासमोर रडल्या. तेवढ्या एकाच वेळी.

त्या रात्री मिस्टरांनी रागाच्या भरात मालकांना व्हॉट्सॲपवर लिहिलं : "आम्ही आता एक रुपयाही किराया देणार नाही. जो काय होतो तो डिपॉझिटमधून कापून घ्या." मग घराला कुलूप लावलं. सामान आत, किल्ली खिशात.

माणूस म्हणून या निरोपात गैर काहीच नाही. वकील म्हणून मला तो वाचताना घाम फुटला. "डिपॉझिटमधून कापा" याचा अर्थ काय होतो? किराया लागू आहे, देणं आहे, फक्त दुसऱ्या खिशातून घ्या. आणि कुलूप तुमचं, किल्ली तुमच्याकडे, सामान तुमचं, म्हणजे ताबा तुमचा. ताबा तुमचा तर महिन्याचं मीटर चालू. मालकाने पुढच्याच दिवशी उत्तर दिलं होतं : "ठीक आहे. लॉक-इन नोव्हेंबरअखेरपर्यंत आहे, तोवरचा किराया आणि रंगरंगोटी कापून उरलेलं परत करीन." एका ओळीच्या निरोपाने ६० हजारांतले ४० हजार जाण्याची सोय झाली होती.

तुम्ही कायद्याने कोण आहात

बाई ९ ऑक्टोबरला माझ्याकडे आल्या. येताना मोबाइलवर कुठेतरी वाचून आल्या होत्या : मालकाला पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, त्याने दुरुस्ती केली नाही की आपण करून घ्यायची आणि खर्च किरायातून वळता करायचा. हे खोटं नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४मध्ये तसं आहे. घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक, पंधरा दिवसांहून कमी नाही अशी नोटीस, आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत वळती. किरायेदाराने ठेवलेला हिशेब आणि पावत्या त्या खर्चाचा पुरावा धरल्या जातात. चांगलं कलम आहे. फक्त ते भाडेकरूसाठी आहे.

आणि आपल्यापैकी बहुतेक जण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच. अकरा महिन्यांचा कागद हा लिव्ह अँड लायसन्सचा असतो, म्हणजे वापराची परवानगी. त्यावर सही करणारा लायसन्सी. त्याला १८८२चा सुविधाधिकार कायदा लागतो आणि भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम २४ लागतं. त्या कलमाप्रमाणे लेखी करारात जे लिहिलं आहे तो त्याचा निर्णायक पुरावा. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई. आपण सगळे स्वतःला किरायेदार म्हणतो, मीही बोलताना तेच म्हणते, पण घर पडायला आल्यावर हा फरक फार महाग पडतो.

उलट उदाहरण देते, म्हणजे लक्षात येईल. नागपूरच्या महाल किंवा इतवारी भागात जुन्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा जो खरा भाडेकरू आहे, त्याचं घर धोकादायक ठरलं तर त्याला मी नेमका वेगळा सल्ला देते : घाईने ताबा सोडू नका, सोडलाच तर लेखी हक्क राखून सोडा. इमारत पाडली म्हणून भाडेकरार आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये सांगितलेलं आहे. दुरुस्तीसाठी रिकाम्या केलेल्या जागेत परत येण्याची तरतूदही कायद्यात आहे. अशा माणसाने मालकाच्या गोड बोलण्यावर किल्ली देऊन टाकली तर आयुष्यभराचा हक्क जातो. अकरा महिन्यांच्या माणसाने मात्र किल्ली धरून ठेवली तर रोजचं नुकसान. शेजारच्या काकांनी किंवा ऑफिसातल्या मित्राने "मी तर असं केलं होतं" म्हणून सांगितलेला सल्ला म्हणूनच आधी तपासावा की त्यांचा कागद कोणता होता.

मग लायसन्सीच्या हातात काय? सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६२मध्ये लायसन्स केव्हा संपलं असं मानायचं ते दिलं आहे. त्यात एक कारण असं आहे की मालमत्ता नष्ट झाली किंवा दैवी आपत्तीसारख्या जबर शक्तीने ती कायमची अशी बदलली की वापरता येत नाही. बाईंना वाटलं, हेच आपलं. मी नाही म्हटलं. तिथे "कायमची" हा शब्द बसलेला आहे. पुराचं पाणी वाळतं, गाळ निघतो. मालकाचा वकील उभा राहून एवढंच म्हणेल की डिसेंबरपर्यंत घर पुन्हा ठणठणीत झालं असतं. या घोड्यावर बसायचं नव्हतं.

दोन नुकसानं वेगळी करणं

११ तारखेला मी स्वतः ते घर पाहायला गेले. किचनमध्ये मान वर करून बघितलं आणि या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच दिसली. पाणी चढलं साडेतीन फूट. स्लॅब दहा फुटांवर. पुराने स्लॅब पाडलेला नव्हता.

छतातल्या सळया उघड्या पडल्या होत्या, तांबूस-काळ्या, बोटाने खरवडलं की पापुद्रे निघत होते. लोखंडाला गंज चढला की ते फुगतं, मूळच्या कितीतरी पट जागा मागतं, आणि खालचं काँक्रीट ढकलून देतं. हे काम दहा दिवसांत होत नाही, वर्षांनुवर्षं चालतं. आणि आपल्या नागपुरात याची कारणं डोक्यावरच असतात. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती, उन्हाळ्याचे चार महिने सज्जावर आणि गॅलरीत ठिबकत राहणारे कूलर. त्यात या भागातली काळी माती, पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा गेलेल्या होत्या, त्या या मातीच्या.

खाली पडलेला तुकडा बाईंनी फेकून दिला नव्हता. "पुरावा म्हणून ठेवला," म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानले, कारण त्या तुकड्याच्या कडेला थर स्पष्ट दिसत होते. आत जुनं, तडकलेलं, पिवळट पडलेलं प्लास्टर, आणि त्यावर पांढरी, ताजी पुट्टी अन् रंगाचा हात. म्हणजे भेगा आधीच होत्या, आणि घर किरायाने देण्याआधी त्या बुजवून रंगवलेल्या होत्या. शेजारच्या काकूंनी सांगितलं, आधीचे किरायेदार याच स्लॅबच्या तक्रारीवरून घर सोडून गेले होते.

सुविधाधिकार कायद्याचं कलम ५७ असं सांगतं की जागेत राहणाऱ्याच्या जिवाला किंवा वस्तूंना धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर मालकाने तो सांगितलाच पाहिजे. कलम फार क्वचित कुणी काढतं. इथे ते जणू या किचनसाठीच लिहिलेलं होतं. जोडीला करारात साधं वाक्य होतं : किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने, बांधकामाची मोठी दुरुस्ती मालकाने.

म्हणून आम्ही ठरवलं की पुराचं एक नुकसान आणि स्लॅबचं दुसरं, दोन वेगळी करायची. फ्रिज, मशीन, गाद्या, धान्य, ते पुराने नेलं, त्याचा एक पैसाही मालकाकडे मागायचा नाही. घर राहण्याजोगं नव्हतं ते स्लॅबमुळे, भिजलेल्या वायरिंगमुळे आणि टाकीमुळे, आणि त्याचं उत्तर मालकाने द्यायचं. असं केल्यावर मालकाचं "साऱ्या नागपुरातच पाणी शिरलं" हे वाक्य निकामी होतं.

तिसऱ्याच्या हातचा कागद

"घर राहण्यालायक नाही" असं आपण म्हटलं तर ते आपलं मत. म्हणून तीन कागद तीन परक्या माणसांकडून घेतले.

परवानाधारक इलेक्ट्रिशियनने मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र, लावून वायरिंग तपासलं. त्याने लेटरहेडवर लिहून दिलं की किचन आणि हॉलच्या लाइनचं इन्सुलेशन गेलेलं आहे, अर्थिंग नीट नाही, गळतीचा करंट तोडणारा ब्रेकर बसवलेला नाही आणि वायरिंग बदलेपर्यंत मेन स्विच चालू करू नये. पूर आलेल्या घरात ही तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी होती. या कुटुंबाने ती न करता दोन रात्री काढल्या, आणि झिणझिण्यांवर निभावलं याबद्दल मी अजूनही देवाचे आभार मानते. पाण्यात बुडालेला बोर्ड वरून वाळलेला दिसतो, आत ओल तशीच असते. तोवर मेन बंद ठेवायचा, आणि मीटरपर्यंत पाणी गेलं असेल तर महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवायचं.

दुसरा कागद महापालिकेचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६४ पडायला आलेल्या बांधकामांबद्दल आहे. आयुक्त मालकाला किंवा राहणाऱ्याला ते काढायला, टेकू द्यायला, दुरुस्त करायला लेखी फर्मावू शकतात. तीस वर्षांवरच्या इमारतींची स्थैर्य तपासणी कलम २६५-अ मध्ये आहे, आणि ही इमारत पस्तिशीची. आम्ही झोन कार्यालयात दोन परिच्छेदांचा अर्ज दिला, फोटो जोडले, आवक शिक्का मारून प्रत घेतली. हा शिक्का माझ्या मते अर्ध्या लढाईइतका मोलाचा. पुढे पाहणी व्हायला उशीर झाला तरी तुम्ही कोणत्या तारखेला सांगितलंत हे कागदावर येतं. आमच्या प्रकरणात अभियंता आठवड्याभरात आला, हातोडीने छत ठोकून पाहिलं, बराचसा भाग पोकळ वाजला. किचन वापरू नये, टेकू देऊन दुरुस्ती करावी, असं पत्र मालकाच्या नावे निघालं. सगळी इमारत धोकादायक ठरली नाही. तशी अपेक्षाही नव्हती.

तिसरा कागद सासूबाईंच्या डॉक्टरांचा : ओल आणि बुरशी असलेल्या जागेत राहू नये.

फोटोंबद्दल एक. बाईंनी पाण्याच्या रेघेशेजारी मुलीची शाळेतली पट्टी धरून फोटो काढले होते. न्यायालयात आणि तडजोडीच्या टेबलावर असले फोटो बोलतात. ज्या फोनवर काढले तो फोन जपून ठेवायचा, विकायचा नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्या वेळी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली आणि १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली, आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी असलेला बरा.

पत्र, आणि किल्ली

वकिलाची नोटीस मी पाठवली नाही. नोटीस गेली की समोरचाही वकील गाठतो, आणि मग दोन माणसांतलं बोलणं दोन वकिलांत होतं. पत्र बाईंच्याच हस्ताक्षरात गेलं, रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह, आणि तेच व्हॉट्सॲपवर. "आदरणीय काका" अशी सुरुवात. कुठे अपशब्द नाही. त्यात ३ ऑक्टोबरचा निरोप रागात लिहिला होता आणि किराया मान्य असल्याचा त्याचा अर्थ नाही, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट केलं. मग स्लॅब, वायरिंग, टाकी, तिन्हीच्या तारखा. मग दोन पर्याय : पंधरा दिवसांत दुरुस्ती करून अभियंत्याचा दाखला द्या, तोवर किराया थांबवा, आम्ही परत येतो. किंवा करार १७ ऑक्टोबरपासून संपला असं माना, आम्ही त्या दिवशी ताबा देतो, डिपॉझिट परत करा. मालकांनी फोनवर सांगितलं, दुरुस्ती दिवाळीनंतर बघू. म्हणजे दुसरा पर्याय उरला.

१७ तारखेला टेम्पो आला. घर पूर्ण रिकामं केलं, झाडलं. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला, वीज मीटरचं रीडिंग टिपलं. मालकाचे भाऊ आले, पण किल्ली घेईनात. "दादा आल्याशिवाय मी काही घेत नाही." हे फार ठिकाणी होतं. किल्ली घेतली की घड्याळ थांबतं, हे त्यांनाही कुणीतरी सांगितलेलं असतं. अशा वेळी किल्ली परत खिशात घालून घरी यायचं नाही. शेजारच्या काकू आणि मिस्टरांचा एक मित्र साक्षीदार म्हणून होते. तिथल्या तिथे कागदावर लिहिलं : आज सायंकाळी पाच वाजता रिकामं घर आणि तिन्ही किल्ल्या देऊ केल्या, घेतल्या नाहीत. सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी किल्ल्या रजिस्टर्ड पार्सलने पुण्याला गेल्या. पार्सल त्यांनी घेतलं.

काय हाती आलं

मालकाचा हिशेब ठाम होता : ऑक्टोबर-नोव्हेंबरचा किराया २८ हजार, रंगाचे १२ हजार, परत मिळतील २० हजार. नोव्हेंबर असाच गेला. दावा करता आला असता. पण ६० हजारांसाठी तारखांवर तारखा घालवायला या घरात कुणाकडे वेळ नव्हता. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज केला, म्हणजे दावा न लावताच लोकअदालतीत तडजोडीसाठी प्रकरण ठेवलं. १९८७च्या कायद्याच्या कलम १२प्रमाणे स्त्रियांना आणि पूर, भूकंप, दुष्काळ अशा आपत्तीत सापडलेल्यांना मोफत विधी सेवेचा हक्क आहे. बाई दोन्हीत बसत होत्या. पूर येऊन गेलेल्या वस्तीत ही एक गोष्ट किती जणांना माहीत असते? मी विचारून पाहिलं आहे, जवळजवळ कुणालाच नाही.

मालक दुसऱ्या तारखेला पुण्याहून आले. सत्तरीचे गृहस्थ, थकलेले. टेबलावर आम्ही तो प्लास्टरचा तुकडा ठेवला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरगी तिथं बसत होती का?" बाई हो म्हणाल्या. त्यानंतर आवाज चढला नाही.

आम्हीही एक गोष्ट सोडली. १ ते १७ ऑक्टोबर सामान घरात होतं, तेवढ्या सतरा दिवसांचे ७,७०० रुपये कापायला मान्यता दिली. तत्त्वाने ते द्यायला नको होते असं मला वाटतं, कारण मधल्या काळात घर वापरण्याजोगं नव्हतंच. पण किल्ली तेव्हा यांच्याकडे होती, आणि त्या एका निरोपाची सावली पूर्ण पुसता आली नाही. वीज बिलाचे १,१४० गेले. रंगाचे पैसे मालकांनी सोडून दिले, लॉक-इनही. ५१,१६० रुपये परत आले. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, त्यामुळे पैसे देण्याची टाळाटाळ झाली नाही.

शेगडी आणि मिक्सरचे पैसे मिळाले नाहीत. ते मिळायला हवे होते, पुराचं नव्हे, स्लॅबचं नुकसान होतं ते. बाईंनीच "जाऊ द्या मॅडम" म्हटलं. फ्रिज आणि मशीन तर कुणाकडे मागायची सोयच नव्हती. घरातल्या सामानाचा विमा राहणाऱ्यालाही काढता येतो, घर स्वतःचं असावं लागत नाही, हे या कुटुंबाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नव्या घराची दलाली, टेम्पो, दोन वेळची बांधाबांध, हे सगळं धरलं तर ते तोट्यातच राहिले.

नवं घर मनीषनगरला, तिसऱ्या मजल्यावर. कराराचा मसुदा एजंटने पाठवला तेव्हा बाईंनी मला फोन केला, मदत मागायला नव्हे, वाचून दाखवायला. त्यांनी स्वतः एक कलम लिहून त्यात घातलं होतं, आणि नव्या मालकीणबाईंनी कुरकुर न करता मान्य केलं :

"छत, भिंती, पाणी किंवा वीज यांमुळे घर राहण्यास असुरक्षित झाल्याचे परवानाधारक इलेक्ट्रिशियन, स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा महापालिका यांनी लेखी दिल्यास, त्या तारखेपासून दुरुस्ती होईपर्यंत किराया लागणार नाही. तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास लॉक-इन लागू राहणार नाही, आणि रिकाम्या घराची किल्ली मिळाल्यापासून पंधरा दिवसांत डिपॉझिट परत केले जाईल."

"मालक किल्ली घ्यायला नाही म्हणाला तर?" मी विचारलं.

"ते पुढच्या ओळीत आहे," त्या म्हणाल्या. "रजिस्टर्ड पार्सल पोचलं की किल्ली मिळाली असं धरायचं."